जेवतंय ते

आमच्या शहापूरच्या घरात घटपर्णी आणली ती धाकट्या बहिणीनं, कॉलेजच्या सहलीहून येताना. पानाच्या टोकाला झाकणाचा लहानसा गडू. त्यात माशी पडली की झाडाच्या पोटात. आईला तिनं बजावून ठेवलं होतं, "किडे आले तर हाकलू नको गो. जेवण आहे त्याचं." श्रावणात या झाडाचं कसं व्हायचं, म्हणून मी तिला पिडायचो.

त्याच वर्षी, ऐन भातकापणीत, ती काविळीनं गेली. कुंडी पडवीत राहिली आणि आई तिला जपू लागली.

उन्हाळ्यात पानांखाली पांढरी, पिठासारखी कीड दिसली. वांग्यावर असती तर आईनं चुलीतली राख मारून तिचा निकाल लावला असता. इथं मात्र ती रोज वाकून बघायची आणि समाधानानं म्हणायची, "जेवतंय ते."

मी मुळात तापट. मुरबाडच्या बियाण्यांच्या दुकानात विचारून आलो. पिठ्या ढेकूण. गडूत पडेल तेवढंच झाडाचं. पानाला चिकटलेली कीड उलट झाडाचाच रस पिते. ओल्या कापसानं पुसून काढा, म्हणाले. मी कापूस भिजवून बसलो, तर आईनं हात धरला.

"अगं, झाड किडे खात नाय, किडे झाडाला खातायत! दिसत नाय का तुला?" मी ओरडलो.

"जेवत्याला उठवू नये रे."

"कोण जेवतंय?"

ती माझ्याशेजारी खाली बसली. बहिणीला दवाखान्यात न्यायला मी जीप आणायला गेलो होतो, तेव्हाचं तिनं सांगितलं. कित्येक दिवस पोरीच्या पोटात अन्न नव्हतं. त्या सकाळी तिनं आपणहून मऊ भात मागितला. दोन घास खाल्ले असतील, तेवढ्यात जीप दारात आली.

"ऊठ, आल्यावर खा, म्हटलं. गुपचूप हात धुतला तिनं. भात झाकून ठेव, म्हणाली," आई म्हणाली. "भरल्या ताटावरून उठवली मी तिला."

मला रागही आला, रडूही आलं. कापूस पुढं न्यायला हात काही उचलला नाही. नंतरही कधी उचलला नाही.

पावसाच्या आधीच घटपर्णी वाळून काडी झाली. शेवटचा गडू गळून पडला, तेव्हा आईनं तो उचलला, झाकण बोटानं वर केलं. तळाशी माश्यांचे पंख होते.

"हे तरी जेवून गेलं रे," ती म्हणाली.