दिनेशभाऊंचा कौल

पिंपळगावच्या आमच्या पॅकहाऊसात दिनेशभाऊ सुपरवायझर आहेत आणि मी वजनकाट्यावर. म्हणजे द्राक्षांचा हंगामभर त्यांची बडबड माझ्याच कपाळी. आणि बोलतात काय? कातळ, कातळ आणि कातळ. कातळ हा नाशिकचा रॉक बँड. तिथल्या द्वारका चौकाजवळच्या एका गोदामात पोरं तालीम करायची तेव्हापासून, म्हणजे वीस वर्षं, भाऊ त्यांच्या मागे. बायको बघायला गेले तेव्हा तिलाही आधी त्यांचं गाणं ऐकवलं म्हणे. तरी ती हो म्हणाली, धन्य आहे बाई!

पण स्वतःच्या गाण्यांवर पोट भरेना, म्हणून बँड हळदीला वाजवू लागला. भाऊ बिनबोलावता त्या हळदींना जायचे. जनरेटरपाशी उभे राहायचे, आज तरी त्यांचं स्वतःचं एखादं जुन्या वळणाचं गाणं होईल म्हणून. कधी झालं नाही. मला कीव यायची आणि रागही यायचा.

मग फेब्रुवारीत गायक मयूरचा फोन आला. दोन गाणी तयार होती, पण रेकॉर्ड एकच होणार होतं. एक संथ, जडशीळ, गिटारवाल्या ओमने बांधलेलं. दुसरं हळदीच्या ठेक्याचं. त्यावरून बँडमध्ये अबोला झाला होता. शेवटी ठरलं, दिनेश सांगेल ते करायचं आणि पुढेही त्याच वाटेने जायचं. संध्याकाळपर्यंत कळव, असं मयूर म्हणाला.

भाऊंचा जीव संथ गाण्यात. पण माणूस घाबरला. आपल्या हट्टापायी पोरांचं वाटोळं झालं तर? म्हणून त्यांनी दोन्ही गाणी हॉलच्या स्पीकरवर लावून बघायचं ठरवलं. आमच्याकडे बायका गाणी ऐकतच काम करतात, आणि अठरा वर्षं भाऊंची नजर फक्त त्यांच्या हातांवर. हात चालले की सगळं बरोबर, थांबले की काहीतरी बिघडलं.

संथ गाणं लागलं. घडातले खराब मणी काढणाऱ्या कात्र्या एकेक करून थांबल्या. भाऊंचा चेहरा उतरला. मी मोठी शहाणी, मीच म्हटलं, बघा, नाही चालत. त्यांनी गाणं अर्ध्यावर तोडलं. हळदीचं लावलं तर कात्र्या सपासप. ते संपायच्या आत त्यांनी मयूरला मेसेज केला, हळदीचं करा.

चहाच्या सुट्टीत कात्री चालवणारी, पेठ तालुक्याकडची सगुणाबाई भाऊंकडे आली.

"दादा, ते पहिलं गाणं पुरं लाव ना. नीट ऐकावं म्हणून हात थांबवले, तर तू बंदच केलंस."

भाऊ क्रेटवर बसले. लगेच मयूरला फोन लावला, चुकलो म्हणाले, दोनदा म्हणाले. फोन स्पीकरवर होता, म्हणून मीही ऐकलं.

"ओम गेला रे बँड सोडून," मयूर म्हणाला. "म्हणाला, वीस वर्षं ऐकणाऱ्यालाच नको, तर मी वाजवू कुणासाठी?"

सुट्टी संपल्यावर भाऊंनी ते गाणं सुरुवातीपासून लावलं. चाळीस बायका होत्या, एक कात्री हलली नाही. मला माझ्या जिभेची लाज वाटली आणि रडू आलं. तेवढ्यात ऑफिसातून मालकाचा फोन आला, लाइन का थांबलीय?

गाणं अजून बरंच बाकी होतं. भाऊंनी स्पीकर बंद केला आणि रोजच्याच आवाजात म्हणाले, "चला, हात चालवा."