सत्तारभाईंनी कोरलेली सवत

धुळ्याच्या तांबट गल्लीत सत्तारभाईंचं दुकान माझ्या बांगड्यांच्या दुकानाला लागून. चांदीच्या पत्र्यावर मेण फासायचे, सुईनं चेहरा ओरखडायचे आणि पत्रा तेजाबात सोडायचे. ओरखडलं तेवढंच तेजाब खायचं. आमच्याकडे पहिली बायको मेली की दुसरीनं तिचा चेहरा कोरलेला चांदीचा टाक गळ्यात घालायचा, म्हणजे मेलेली सवत पाठीस लागत नाही. बाकीचे कारागीर सगळ्या सवती एका साच्यातून काढत. सत्तारभाईंना ते मुळीच खपायचं नाही. नाकडोळे काय, कुणाचेही असतात, बाई ओळखावी तिच्या गोंदणावरून, म्हणायचे. महाहट्टी माणूस!

एकतीस सालच्या लग्नसराईत साक्रीकडचा रुपचंद आला. बायको वारली, दुसरी करतोय, कोणतीही बाई काढा म्हणाला. सत्तारभाई हळहळले. त्याची बायको भागाबाई भांड्यांवर नाव घालायला त्यांच्याकडेच यायची. तिच्या हनुवटीवर अर्धंच फूल होतं. लहानपणी गोंदताना रडून पळाली होती ना! त्यांनी ते अर्धं फूल तसंच उतरवलं. रुपचंदनं टाक धड बघितलाही नाही, फडक्यात गुंडाळून नेला.

पुढल्या वर्षी त्याची नवी बायको कमलबाई दुकानात आली. सोबत कापसाच्या जिनात सरकी उपसणारी एक वाळलेली बाई. तिला बघताच सत्तारभाईंच्या हातची सुई पडली. भागाबाईच ती, जिवंत!

कमलबाईनं तिला धुळ्याच्या बाजारात हनुवटीवरून ओळखलं होतं. मूल होत नाही म्हणून रुपचंदनं तिला हाकललेलं. पण जितीजागती सवत असताना कमलबाईच्या बापानं मुलगी दिली नसती, म्हणून त्या मेल्यानं हिला जिवंतपणीच मारून टाकलं. माणूस म्हणायचा का याला?

कमलबाईनं गळ्यातला टाक भागाबाईच्या हनुवटीशी धरला.

"भाई, हाई हाईच शे ना?"

सत्तारभाईंनी होकारार्थी मान हलवली.

कमलबाई खाली बसून रडायलाच लागली. भागाबाईकडे बघत म्हणाली, "रोज पहिला घास तुले दाखाडस, मंगच मी खास."

 भागाबाईनं तो टाक कमलबाईच्या गळ्यातून काढला आणि मुठीत धरला.

"म्हंजे मना घास त्या घरमा रोज निंघस," ती म्हणाली. "चाल मंग. आज मी खावाले येस."