ताईची ठिपक्यांची रांगोळी आणि माझी वायर

कॅसेटवरचा प्रोग्रॅम लॅपटॉपमध्ये भरतोय असं समजून मी तीन आठवडे आमच्या घरातली बडबड भरत होतो.

प्रोग्रॅम माझ्या ताईचा. आम्ही लालबागच्या चाळीत असताना मामाने आखातातून टीव्हीला जोडायचा एक कॉम्प्युटर आणला होता. ताईने त्यावर ठिपक्यांची रांगोळी काढणारा प्रोग्रॅम लिहिला आणि गाण्यांच्या साध्या कॅसेटवर साठवला. तेव्हा प्रोग्रॅम म्हणजे नुसता कर्कश आवाज. मशीन तो ऐकून समजून घ्यायचं. पुढे ताई लग्न होऊन दादरला गेली, मशीन माझ्याबरोबर परळला आलं. आता साठी उलटल्यावर घरात तिला मोबाईलवरून साधा फोटोही कुणी पाठवू देत नाही, "आजी, तुला नाही जमायचं" म्हणतात. मध्यंतरी तिने मला विचारलं, "मी ते खरंच लिहिलं होतं, की मला आपलं वाटतंय?" मी म्हटलं, दाखवतोच.

जुना टेपरेकॉर्डर रडतखडत चालतो, त्याचं बोलणं मशीनला कळेना. म्हणून कॅसेट आधी लॅपटॉपमध्ये घ्यायची, आवाज साफ करायचा आणि तो मशीनला ऐकवायचा, असा बेत. त्यासाठी दोन जुने इअरफोन कापून, पिना सोल्डर करून मी वायर बनवली. बोटं दोनदा भाजली, त्यामुळे वायर उत्तमच झाली असणार, अशी माझी खात्री. मशीन मात्र ढिम्म. मी दोष कॅसेटला दिला आणि ती पुन्हा पुन्हा वाजवली. दर वेळी फितीचा तपकिरी भुगा थोडा थोडा गळत होता.

एका शनिवारी ताई बघायला आली. कॅसेटची ती किंचाळी नको म्हणून मी रेकॉर्डिंग कधी ऐकलंच नव्हतं. तिने हेडफोन लावला. येतोय ना आवाज, मी विचारलं.

"कुकर येतोय," ती म्हणाली. "आता तू येतोयस."

मग ती पुढचं ऐकत राहिली. माझी बायको उठून आत गेली, तेव्हा मलाही आठवलं, रेकॉर्डिंग चालू असताना मी बायकोला काय म्हणालो होतो ते: ताईने कसलं लिहिलंय, कुठल्यातरी पुस्तकातून उतरवलं असणार.

ताईने हेडफोन काढला, माझी वायर उलटसुलट बघितली आणि पर्समधून स्वतःचा मोबाईलचा इअरफोन काढून पिना शेजारी शेजारी धरल्या. तिच्या पिनेवर चार पट्ट्या, माझ्या तीन. चौथी आवाज आत घेणारी, तिच्यावाचून लॅपटॉपला टेपरेकॉर्डर लावलाय हे कळलंच नव्हतं. तो आपल्या पोटातल्या माईकने आमचं घर ऐकत बसला होता. तिने कात्री मागितली आणि आपला इअरफोन कापला. मी निमूट सोल्डर केलं.

कॅसेट एकदाच वाजवली. नंतर लॅपटॉपने ती मशीनला ऐकवली, आणि टीव्हीवर ठिपके उमटले. मग एकेक रेघ, सावकाश, कमळाच्या पाकळ्या.

"आता खालची डावी रेघ चुकणार," ताई म्हणाली. "ती मला शेवटपर्यंत सापडली नाही."

रेघ निघाली आणि पाकळी सोडून भलतीकडेच गेली. पुस्तकाचं नाव काढायची सोय उरली नाही. ताई टीव्हीजवळ सरकली आणि त्या वाकड्या रेघेकडे बघत राहिली, चष्मा पुसून पुन्हा. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, ताई, आता प्रोग्रॅम लॅपटॉपवर आहे, तेवढी रेघ मी दुरुस्त करून देतो.

"राहू दे रे," ती म्हणाली. "तू हात लावलास तर बरोबर आलेल्या पण जातील."