बेबीआत्याच्या मापाची गाडी

फोन आईचा होता. हिंगण्याच्या आमच्या वर्कशॉपमध्ये मशीनच्या आवाजात नीट ऐकू येईना म्हणून मी बाहेर आले, तर आई एवढंच म्हणाली, "मनू, घरी ये वं. बेबीबाई उठून नाही राहिल्या." दुपारचं जेवण झालं होतं, वांग्याच्या भाजीत मीठ कमी पडलं म्हणून बेबीआत्यानं आईला चार शब्द सुनावलेही होते आणि मग नेहमीसारखी उशीला टेकून ती आडवी झाली होती. झोपेतच गेली... मी पोहोचले तेव्हा बाबा तिच्या खाटेच्या पायथ्याशी बसले होते. लहानपणी पोलिओनं काडीसारखा करून ठेवलेला तिचा डावा पाय त्यांनी दोन्ही हातांत धरला होता. थंडीत तो पाय गार पडायचा आणि बाबा तो चोळून द्यायचे, अगदी शाळेत होते तेव्हापासून. त्या दुपारीही ते चोळतच होते. आम्ही त्यांना थांबवलं नाही.

या गोष्टीला आता दीड महिना होत आला. भेटायला येणाऱ्यांपैकी काही जण अजूनही "बिचारी" म्हणतात. जन्मभर कुबडी घेऊन चालली, लग्न केलं नाही, भावाच्या घरी राहिली... त्यांचं काही चुकत नाही, त्यांनी तिला तेवढंच पाहिलं. पण ज्यांनी तिला आमच्या मरून रंगाच्या काँटेसाच्या स्टिअरिंगमागे पाहिलं, ऑटोवाल्यांना खिडकीतून खडसावताना ऐकलं, त्यांच्या तोंडी हा शब्द येणार नाही. म्हणून हे लिहायला बसले.

आमचं मूळ गाव कुहीजवळचं. थोडी धानाची शेती. आजोबा नागपूरहून धम्मदीक्षा घेऊन आले तेव्हाच त्यांनी ठरवलं होतं, आपली लेकरं बांधावर राहणार नाहीत, शाळेत जातील. आत्या थोरली. बाकीच्या पोरी पायी शाळेत जायच्या, आत्याला आजोबा सायकलच्या कॅरिअरवर बसवून नेत. ती शिकली, नागपूरला महालात एका सरकारी कचेरीत कारकून झाली आणि पहिली खोली घेतल्याबरोबर धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या बाबांना, गावाहून घेऊन आली. त्यांना आयटीआयला घातलं तिनंच. पुढे बाबा वीज प्रकल्पात फिटर झाले, उत्तर नागपुरात घर बांधलं, आई आली, मी झाले. आत्याची खोली समोरची, दाराला उंबरा नसलेली. लग्नाचं मी एकदा विचारलं तर म्हणाली, "दोन जागा आल्या होत्या वं. त्याइले माही नोकरी पाहिजे होती. मी कोणालेच नाही."

आणि हसली. तिचं हसणं मोठं होतं, शेजारपाजारी ऐकू जाईल असं. रागही तसाच. भाजी निवडण्यापासून मी कोणाशी लग्न करावं इथपर्यंत प्रत्येक गोष्टीत तिचं मत असायचं आणि ते विचारायची वाट ती पाहत नसे. आईनं तिच्याबरोबर कशी इतकी वर्षं काढली, हे आईच जाणे.

बाबा निवृत्त झाले त्या वर्षी त्यांनी ती गाडी आणली. मौद्याच्या एका राइस मिलच्या मागं ताडपत्रीखाली कित्येक वर्षं पडून होती. ज्यांनी काँटेसा पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते, समोर चार गोल दिवे, लांबच लांब बॉनेट, रस्त्यावरून निघाली की वाट मागत नाही, घेते. बाबा प्रकल्पात लागले तेव्हा तिथले मोठे साहेब अशाच गाडीतून यायचे आणि गेटवर उभे असलेले बाबा ती वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहायचे. आता ती ट्रकवर चढवून आमच्या अंगणात उतरवली, तर दार उघडल्याबरोबर मागच्या सीटवरून एक कोंबडी फडफडत बाहेर आली.

"रमेश, काय आणलं गा हे?" आत्या दारातून ओरडली. "गाडी हाय का खुराडा?"

पण दुसऱ्या रविवारी तीच स्टूल ओढून टिनाच्या शेडखाली येऊन बसली आणि म्हणाली, "मले बी काही द्या करायला. बसल्या बसल्या नजर लावू का तुमच्या गाडीले?" बाबांनी तिच्या हातात पॉलिश पेपर दिला. त्यानंतर घरातले सगळे रविवार त्या गाडीचे झाले. बाबा इंजिन खोलून बसत, लहानसहान बुश आणि पिना मी वर्कशॉपमधून बनवून आणी, आई जुन्या सीट उसवून त्यांच्या मापानं नवी कव्हरं शिवी आणि आत्या दरवाजांचा गंज घासत असे. कुबडीनं घडवलेले तिचे दंड, ते काय थकणार! जाफरभाई डेंटर पत्रा ठोकायला यायचे, ते म्हणाले होते, "दीदी के हाथ का दरवाजा देखो, उंगली फिराओ तो फिसलती है."

बाबांचा एक नियम होता. गाडी कंपनीतून निघाली तशीच्या तशी व्हायला पाहिजे. दाराचं हँडल कोलकात्याहून मागवलं, मीटरची काच इंदूरच्या एका भंगारवाल्याकडून. हिवाळ्यात आपल्याकडे जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरतं, त्यात जशीच्या तशी राखलेल्या गाडीला बक्षीस असतं, आणि बाबांनी ते मनावर घेतलं होतं. जन्मभर दुसऱ्यांची यंत्रं सांभाळलेल्या माणसाला एकदा आपलं म्हणून काहीतरी मिरवायचं होतं. आत्याला पांढरा रंग हवा होता, पण मूळचा मरून निघाला म्हणून मरूनच लागला. त्यावरून ती बाबांशी बरेच दिवस बोलली नाही. निरोप असला की आईला सांगायची, "त्या कंपनीवाल्याले सांग, चहा झाला."

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं ती सकाळ मला आठवते. धुराचा लोट, जाफरभाईंच्या टाळ्या, आईनं पदरानं नाक दाबलेलं... आणि त्या सगळ्या गोंधळात आत्या खुर्चीवरून उठली, कुबडी टेकत ड्रायव्हरच्या दारापाशी गेली आणि म्हणाली, "रमेश, मले चालवाची हाय ही गाडी."

बाबा हसले. त्यांना ती थट्टा वाटली. "बाई, तू मागं बस ना आरामात. मी फिरवतो तुले सगळीकडं."

"मागंच बसली न जन्मभर," आत्या म्हणाली. "आपल्या बाबाच्या सायकलवर मागं, रिक्षात मागं, तुह्या स्कूटरवर मागं. समोरून रस्ता कसा दिसते, ते पाहाचं हाय मले."

बाबांनी इंजिन बंद केलं. डाव्या पायात जोर नाही, क्लच कसा दाबणार? पण हे ते तिला काय सांगणार होते? तिच्यापेक्षा तो पाय कोणाला जास्त ठाऊक होता? आणि त्याहून अवघड गोष्ट दुसरीच होती... तिच्यासाठी गाडी बदलायची म्हणजे प्रदर्शनातलं ते बक्षीस सोडायचं. आत्यानं विषय पुन्हा काढला नाही, आणि तिनं एखादा विषय सोडून द्यावा हेच आम्हाला जड गेलं.

मग एका सकाळी मी अंगणात आले तर गाडीचं दार उघडं आणि बाबा आत. डावी मांडी घालून पाय सीटवर घेतलेला, वाकून डाव्या हातानं क्लचचं पेडल दाबायची धडपड चाललेली. घामाघूम झाले होते. मला पाहून दचकले, पण पाय खाली घेतला नाही. म्हणाले, "मनू, इथं गिअरच्या दांडीले एक लिव्हर लागन. हातानं दाबला की क्लच दबला पाहिजे. बनवशीन का?"

"आणि प्रदर्शन?"

"तू लिव्हरचं पाह्य," बाबा म्हणाले.

मी बनवला. गिअरच्या मुठीसमोर बोटांत मावेल असा लिव्हर, त्याची केबल खाली क्लचपर्यंत. पेडल तसंच ठेवलं. आत्या पहिल्यांदा बसली आणि लिव्हर सोडताना हात निसटला. गाडीनं उडी मारली ती सरळ फाटकाच्या खांबावर. कोलकात्याहून आणलेला क्रोमचा बंपर मधोमध वाकला. मी बाबांकडे पाहिलं. ते आत्याकडे पाहत होते, आणि आत्या... तिचा चेहरा एवढासा झाला होता. "राहू दे गा," ती म्हणाली. "माह्याच्यानं नाही होत." आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्या तोंडून हे ऐकलं.

"लिव्हर जड हाय," बाबा म्हणाले. "तुही चूक नाही. आमची हाय."

खरंच जड होता. माझीही बोटं दुखायची. मग ब्रेकला असतो तसा एक व्हॅक्युम बूस्टर आम्ही क्लचला जोडला. तो बसवायला जागा नव्हती म्हणून बाबांनी, कंपनीची गाडी म्हणणाऱ्या बाबांनी, स्वतः कटर घेऊन आतला पत्रा कापला. आता दोन बोटांनी लिव्हर दबू लागला. आत्या अंगणात शिकली, मग गल्लीत, मग पहाटे रिकाम्या मैदानात. गाडीतल्या बदलांची रीतसर मंजुरी काढली. लायसन्सच्या परीक्षेला तिथले साहेब तिच्या कुबडीकडे आणि पांढऱ्या केसांकडे पाहून म्हणाले, "आजी, आता या वयात कशाला?"

"साहेब, तुम्ही परीक्षा घ्या. वय आम्ही आमचं पाहून घेऊ."

पहिल्या वेळी नापास झाली. दुसऱ्या वेळी पास.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही गावाला निघालो. आत्या चालवत होती, शेजारी मी, मागं आई आणि बाबा. आपल्याच गाडीत मागं बसलेले बाबा पूर्ण रस्ताभर समोरच्या सीटची पाठ धरून होते. कुही मागं पडली. दोन्ही बाजूंनी धान हिरवंगार उभं होतं. गावाचा फाटा आला आणि गाडी न वळता पुढं गेली.

"बाई, गाव गेलं," बाबा मागून म्हणाले.

"जाऊ दे. पेट्रोल हाय ना?"

ती पार आंभोऱ्याला, वैनगंगेच्या काठावर जाऊन थांबली. रस्ता संपला म्हणून. आम्ही बॉनेटवर कागद पसरून पोळी आणि भरीत खाल्लं. नदीवरून वारं येत होतं. आत्या पाण्याकडे पाहत म्हणाली, "समोरून लय मोठा दिसते वं रस्ता." बाबांनी तोंड फिरवलं आणि उगाच टायर तपासायला गेले.

प्रदर्शनाला गेलोच आम्ही. बक्षिसाच्या रांगेत नाही, बाजूच्या झाडाखाली. लोक यायचे, क्रोम पाहायचे, आत वाकायचे. एकानं लिव्हरकडे बोट दाखवून म्हटलं, "हे काही ओरिजिनल नाही." बाबांनी खिशातून हात काढले. मला वाटलं, आता वाद घालतात. पण ते घरचा एखादा कार्यक्रम सांगावा तसे म्हणाले, "नाही ना. आमच्या बाईच्या मापाची हाय ही गाडी. बसून पाहा, दाखवतो कसं चालते ते." आणि त्या माणसाला आत बसवून त्यांनी केबलपासून बूस्टरपर्यंत सगळं समजावलं. संध्याकाळपर्यंत त्यांचा घसा बसला होता.

पुढची काही वर्षं आमच्या वस्तीनं ती गाडी वापरली म्हणायला हरकत नाही. विहारातल्या बायका तिच्याबरोबर कार्यक्रमांना जात, शेजारच्या म्हाताऱ्यांना ती डोळे तपासायला नेई आणि डॉक्टरांनी काय सांगितलं ते न विचारताच परतीच्या वाटेवर आपलं मत देई. हॉर्न फार वाजवायची. कोणाला पुढे जाऊ द्यायचं म्हटलं की तिला अपमान वाटायचा. यावरून माझी आणि तिची रोज भांडणं होत, आणि मी ती सगळी पुन्हा भांडायला तयार आहे.

आत्याचा जलदानविधी झाला, पाहुणे परतले. बॅटरी उतरू नये म्हणून गेल्या महिन्यात एका सकाळी बाबा गाडी सुरू करायला गेले. आत्या ठेंगणी, त्यामुळे सीट तिनं पार पुढं ओढून घेतलेली. बाबा उंच. गुडघे स्टिअरिंगला अडले. खाली एक खटका दाबला की सीट मागं सरकते, पण त्यांचा हात त्या खटक्याकडे जाईना. तसेच वाकडेतिकडे, एक पाय दाराबाहेर ठेवून बसून राहिले. मी काही बोलणार, तेवढ्यात ओले हात पदराला पुसत आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. बाबांचे अडलेले गुडघे पाहून म्हणाली, "सरका बरं. मले बसू द्या."

बाबा उतरले. आई बसली. तिचे पाय बरोबर पेडलांवर पोहोचले, हात बरोबर चाकावर. आईची उंची आत्याएवढीच आहे, हे आमच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. तिनं पदर कमरेला खोचला, आरशात पाहिलं आणि विचारलं, "यातला क्लच कोणता जी?"

मागच्या रविवारी आई गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आली. दोनदा बंद पाडली, बाबांवर ओरडली, तिसऱ्यांदा निघाली. सीट अजून तिथंच आहे, कोणी हलवलेली नाही. आता हलवायची गरजही नाही.