डबीतली बाई

मी उंद्रीची आशा सेविका. घरोघरी फिरणं हे माझं काम, आणि नको तिथे तोंड घालणं ही माझी सवय. तेव्हा आधीच सांगते, रुख्मिणीकाकूंच्या बाबतीत मी त्यांच्याच बाजूची आहे.

काकूंचे यजमान उकंडराव. चाळीस वर्षं मेथी-वांगी घेऊन पहाटेच चिखलीचा भाजीबाजार गाठणारा माणूस. तीन वर्षांपूर्वी त्यांना विसर पडायला लागला. आधी विळा कुठे ठेवला ते, मग जेवलो की नाही ते, मग बायको. डॉक्टरांनी सांगितलं, हा डिमेन्शिया आहे, वाढत जाणार. बाजार मात्र ते विसरले नाहीत. उजाडलं की बंडी चढवून निघायचेच. एकदा कोणा जीपवाल्यानं बसवून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी ते जानेफळला एका देवळाच्या ओट्यावर सापडले.

त्यांचा मुलगा अविनाश मागच्या खोलीसाठी कुलूप घेऊन आला.

"जनावरालेबी दिवसा सोडतो आपन," काकू म्हणाल्या. "मी जित्ती हाय तोवर यायले कोंडायचं नाही."

"अन पुन्हा हरपले तं?"

"हरपले तं लाव तुहं कुलूप. तोवर हात लावू नको."

मग मी तोंड घातलं. गळ्यात घालायची एक डबी मिळते, आगपेटीएवढी. आत सिमकार्ड असतं. माणूस कुठे चालला ते आपल्या मोबाइलवर ठिपक्यासारखं दिसतं. आपण फोन लावला की डबी आपोआप उचलते, आपला आवाज त्याला आणि त्याचा आपल्याला ऐकू येतो. मी ती मागवून दिली.

"आबाच्या गयात घंटी बांधता का? लोक हसतीन," अविनाश म्हणाला आणि त्यानं डबीला बोटही लावलं नाही.

"हसू दे. त्यायचे दात हायेत," काकू म्हणाल्या. अक्षरओळख नसलेल्या त्या बाईनं दोन दिवसांत ठिपका ओळखायला शिकून घेतला. संध्याकाळी देवाजवळ दिवा लावला की शेजारीच डबी चार्जिंगला लावायच्या आणि झोपताना पुन्हा त्यांच्या गळ्यात घालायच्या.

घोडं अडलं ते भलत्याच ठिकाणी. अंगणात आम्ही चाचणी घेतली. काकू मोबाइलवर म्हणाल्या, "अहो, ऐकता का, थांबा." उकंडराव आपले चालतच राहिले. या बाईचं 'अहो' आपल्यासाठी असतं, हेच ते विसरले होते. मी म्हटलं, "काकू, नावानं हाक मारा. बाजारात हर्रास, म्हणजे लिलाव, बोलणारा नावानंच पुकारायचा ना? त्याला ओ देतील."

काकूंचा चेहरा उतरला. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच नाव. त्यानंतर बावन्न वर्षं रेशनच्या दुकानातसुद्धा शेजारणीला सांगायला लावायच्या. नाव घेतलं की धन्याचं आयुष्य कमी होतं, असं त्यांच्या सासूनं मनात घट्ट बसवलेलं.

"ते नको सांगू मले," त्या म्हणाल्या. मला राग आला. सगळ्या गावाशी भांडणारी बाई मेलेल्या सासूला भिते.

पंधरा दिवसांनी सकाळीच अविनाशची हाक आली. आबा निघून गेले होते. मी पोचले तेव्हा अंगणात आठ-दहा बाया जमल्या होत्या आणि काकू ओट्यावर मोबाइल धरून उभ्या होत्या. ठिपका चिखलीच्या रस्त्यावर नव्हता. तो जुन्या मळ्यात शिरला होता, आणि त्या मळ्यात बिनकठड्याची विहीर आहे. अविनाशनं गाडीला किक मारली. पण मळा गाठायला दहा मिनिटं तरी हवीत.

काकूंनी डबीला फोन लावला. "अहो, थांबा. अहो, पुढे विहीर हाय." ठिपका सरकतच होता. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. काकूंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, डोक्यावरचा पदर मागे सारला आणि हर्रास बोलणाऱ्याच्या खड्या आवाजात पुकारा केला, "उकंडराव उंद्रीवाले! उकंडराव!"

मोबाइलमधून आवाज आला, "हाव, हजर हाय."

"तुमचा नंबर यायचा हाय, उकंडराव. जाग्यावरच बसा."

ठिपका थांबला. काकू मात्र थांबल्या नाहीत. अविनाश पोचेपर्यंत त्या नाव घेत राहिल्या, मेथीचा भाव विचारत राहिल्या, आणि ते बसल्या जागेवरून सांगत राहिले. विहीर सात-आठ पावलांवर होती.

"बाई, नाव घेतलं धन्याचं," मागून कोणीतरी कुजबुजली.

काकू वळल्या. "घेतलं. उद्याबी घेईन. ज्याच्या पोटात दुखते त्यानं ओवा खावा."

त्या दिवशी मला त्यांचा इतका अभिमान वाटला की मी बायांसमोर रडले. अविनाशनं दुपारी विहिरीवर लोखंडी जाळी टाकली आणि आणलेलं कुलूप त्या जाळीला लावलं. त्या संध्याकाळी डबीही चार्जिंगला त्यानंच लावली.

उकंडराव तेव्हा चहा पीत बसले होते. काकूंकडे बघत, परक्या बाईशी बोलावं तसं अदबीनं ते म्हणाले, "त्या डबीतली बाई चांगली हाय, पन तिले सांगा, माहं नाव घेत जाऊ नको. घरी माही बायको हाय. तिले वाईट वाटन."

काकूंनी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

"इचारलं म्या तुमच्या बायकोले," त्या म्हणाल्या. "ती म्हने, रोज घे."