फसफसलं तर पाणी

पद: कनिष्ठ विश्लेषक, जीवाश्म विभाग. कामाचे स्वरूप: अश्मीभूत अस्थींवरील खनिज डागांची रासायनिक तपासणी. सेवा: सव्वीस वर्षे. वर्तणूक: समाधानकारक. बढती: विचाराधीन.

अख्खं संग्रहालय त्यांना डागवाल्या बाई म्हणतं. "जगाचे डाग काढते, माझ्या सदऱ्याचा तेवढा निघत नाही," असं नवरा म्हणतो.

"मी डाग काढत नाही, ओळखते. तुझा पेनाचा आहे."

ओळखायची रीत साधी. काळा डाग कणभर खरवडायचा, काचपट्टीवर ठेवायचा, वर हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब सोडायचा. काजळी असली तर गप्प बसते. मँगनीज असलं तर फसफसतं. म्हणजे डाग आगीचा नव्हे, जमिनीतल्या पाण्याने आणलेला.

ही रीत विभागातल्या, आता निवृत्त झालेल्या सरांनी बाईंना शिकवली. सरांची हयात मात्र एकाच काळ्या मांडीच्या हाडावर गेली. ते भाजलेलं आहे, म्हणजे तिथे माणसं शेकोटी पेटवत होती, असं त्यांचं म्हणणं. 'हे हाड खरवडू नये' ही चिठ्ठीही त्यांचीच. आता हाड नव्या दालनात मांडायचं होतं, म्हणून तपासणीला आलं. बाईंनी थेंब टाकला. मग आणखी दोन जागी टाकला. मग यंत्रालाही विचारलं.

"अहवाल द्या पाठवून," विभागप्रमुख म्हणाले. "म्हाताऱ्याला दालन उघडल्यावर कळेलच की."

बाई अर्ध्या दिवसाची रजा टाकून सरांच्या घरी गेल्या. सर खिडकीपाशी बसले होते, गुडघ्यांवर पांघरूण. बाई पिशवीचे बंद नुसतेच चाळवत राहिल्या.

"फसफसलं ना गं?" सरांनीच विचारलं.

"फसफसलं, सर."

"एकाच टोकाला?"

"तीन जागी."

"अहो, काय फसफसलं?" आतून काकू.

"माझी शेकोटी. विझली."

"बरं झालं बाई! चाळीस वर्षं धूर माझ्याच नाकातोंडात जात होता."

सर हसले. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "म्हणजे ती बिचारी माणसं थंडीतच बसली असतील गं."

"दुसरीकडे कुठे पेटवली असेल, सर. आपल्याला ते हाड सापडलं नाही, एवढंच."

"गप. पुराव्याशिवाय बोलायचं नाही, हे मी शिकवलेलं विसरू नकोस." त्यांनी अहवाल मागितला, चष्मा पुसून लावला. " 'प्रस्तुत नमुन्यात ज्वलनाचा निर्णायक पुरावा आढळून येत असल्याचे दिसत नाही.' हे काय? एवढे आढेवेढे कुणासाठी?"

सरांनी पेन मागितलं.

अहवालात आता 'आगीचा पुरावा नाही' एवढंच आहे. अक्षर सरांचं आहे.