पेटी वाजली तेव्हा

असे किस्से कोणी ठरवून जमवत नाही. आमच्या शाळेच्या पेटीत फोन पडतात आणि त्यांच्या मागून किस्से येतात.

जळगाव जामोदच्या आमच्या शाळेत प्रार्थनेनंतर सगळ्यांचे मोबाईल एका पत्र्याच्या पेटीत जातात. शिक्षकांचेही. नियम माझाच. त्या मंगळवारी मी वर्तुळावरची उदाहरणं घेत होतो. शिपाई रामदासभाऊ दारात आले. "सर, घरी चाला. वहिनी..." 

पेटी उघडली. माझ्या फोनवर मुलीचे, सईचे, अकरा मिस्ड कॉल. तापामुळे ती घरी होती, आईजवळ एकटीच. फोन सायलेंट होता. मी पोहोचलो तेव्हा सगळं संपलं होतं.

दोन वर्षं झाली. पेटी अजून आहे.

०

नववीतला ओम रोज न चुकता फोन जमा करायचा. एकदा तो फोन रामदासभाऊंच्या हातून पडला. कव्हरमधून निघाली साबणाची वडी!

"काऊन बे, हे काय?" मी विचारलं.

"वजन तर बरोबर हाये ना, सर!"

०

मग ओमचे वडील आले. "पोरगं ऐकूनच नाही राह्यलं, सर. जेवताना बी मोबाईल!" हे बोलताना त्यांचा अंगठा रील सरकवत होता. मी त्या अंगठ्याकडे पाहिलं. तो थांबला आणि त्यांनी स्क्रीन माझ्यापुढे धरली. "हे पाहा, सर! मुलांचा मोबाईल कसा सोडवावा. लय भारी व्हिडिओ हाये!"

०

आठवीतल्या गायत्रीच्या फोटोला बारा लाईक आले, मैत्रिणीच्या फोटोला दोनशे. गायत्री दोन दिवस जेवली नाही. आजी रागावली नाही. तिने शेजारच्या सात बाया ओट्यावर बोलावल्या आणि नातीला मधे उभं केलं.

"सांगा वं, कशी दिसते माही नात?"

"लय गोड वं!"

"आता किती झाले?" आजीने विचारलं.

"एकोणीस," म्हणत गायत्रीने ताट ओढलं.

०

पालकसभेत या विषयावर भाषण मीच देतो. "फोन हिसकावू नका, पण मागायला शिका." मागच्या वेळी एक आई उठली. "सर, तुमच्या घरी कसं करता?"

मी पाणी प्यालो. लोकांना वाटलं, भाषण संपलं. टाळ्या वाजल्या!

०

सई आता आमच्याच शाळेत दहावीला आहे. तिचा फोन झोपताना उशीखाली असतो, अंघोळीच्या वेळी दाराशी. पेटीत तो जात नाही. सगळ्यांना ठाऊक आहे, कोणी बोलत नाही. माझा जातो, पण आता सायलेंट नसतो.

परवा नववीचा तास चालू होता आणि टेबलाखालची पेटी वाजायला लागली.

"सर, पेटी रडून राह्यली!" मागच्या बाकावरून आवाज. वर्ग हसला.

कुलूप काढलं. सईचा कॉल होता. दोन खोल्या पलीकडे तिच्या वर्गाचा तास रिकामा होता.

"काय झालं, बेटा?"

"काही नाही, बाबा. उचलता का, ते पाह्यलं."

"उचलला ना."

"हो. सातव्या रिंगले."

मी पेटीला पुन्हा कुलूप लावलं. तिचा फोन मागायचा अजून राहिला आहे.